शिट्टीआधीच्या गोळ्या

चंपानं दार अर्धंच उघडलं आणि चौकटीला हात टेकून म्हणाली, "घरात नाहीत, अक्का. खेळायला गेलेत."

पंधरा दिवसांत अलकाला हे उत्तर चौथ्यांदा मिळत होतं. बंगळूरच्या शिवाजीनगर बसस्टँडमागची ती गल्ली, तोंडाशी असलेली पत्रेकामाची दुकानं, कोपऱ्यावरचं कॉफीचं हॉटेल, हे सगळं आता तिला डोळे मिटून सापडलं असतं. सापडत नव्हता तो फक्त चंपाचा नवरा, मल्हारराव माने.

"गोळ्या घेतात का?"

चंपानं मान हलवली. "संपल्या. मी म्हटलं, जाऊन आणा. तर म्हणतात, मला आता काय झालंय? जेवण जातं, झोप लागते, खोकला पण स्वल्पच राहिलाय. मी काय करू, तुम्हीच सांगा."

अलका खांबेटे सरकारी क्षयरोग दवाखान्यात घरभेटीची नर्स होती. मूळची साताऱ्याची, नर्सिंग पुण्यात शिकलेली. नवरा मधुकर विमानाच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून बंगळूरला आला, तशी तीही आली. तिचं कन्नड अडखळत चालायचं. म्हणूनच मराठी बोलणाऱ्या जुन्या घरांची कार्डं दवाखान्यानं तिच्याकडे दिली होती. रोग्यानं महिन्यातून एकदा यायचं, गोळ्या न्यायच्या, दीड वर्ष रोज घ्यायच्या. आला नाही तर पोस्टकार्ड टाकायचं. तरी आला नाही तर घरी जायचं. दोनदा जाऊनही आला नाही, तर कार्डावर 'उपचार सोडले' असा शिक्का मारून ते खालच्या खणात टाकायचं. त्या खणात आता एक्केचाळीस कार्डं होती. बेचाळिसावं टाकायचं नाही, असं तिनं का ठरवलं ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. कदाचित त्या खणाला आता ती वैतागली होती.

ती तशीच मैदानावर गेली.

मैदान म्हणजे दोन घरांच्या मागं उरलेली चोपून काढलेली लाल माती. चुन्याच्या रेघा, मध्ये जाळी, आणि एका खोलीच्या दारावर पाटी: 'श्री भवानी क्रीडा व आरोग्य मंडळ'. सगळे त्याला क्लबच म्हणत. पाच-पाच जण दोन्ही बाजूंना उभे राहून लोकरीच्या पिवळ्या चेंडूनं बॉल बॅडमिंटन खेळत होते. गावाकडं हा खेळ तिनं पाहिला नव्हता. इथं गल्लोगल्ली चालायचा.

मल्हारराव शेवटच्या रेघेवर होता. चौतीस वर्षांचा, काटकुळा, गणवेश शिवणाऱ्या एका दुकानात कटर. त्याच्या डोक्यावरून चेंडू जाणार असं वाटायचं आणि हा मागच्या मागं वाकून तो असा परतवायचा, की बघणाऱ्यांच्या तोंडून आपोआप "वा" निघायचं. मग त्यानं गुडघ्यांवर हात टेकले, पाठ फिरवून टॉवेलात खोकला, आणि पुन्हा रेघेवर आला. कोणाचंच तिकडं लक्ष नव्हतं. अलकाच्या डोक्यात तिडीक गेली. दवाखाना इथून दहा मिनिटांच्या वाटेवर. तिथं महिन्यातून एकदा यायला या माणसाला वेळ होत नव्हता.

खेळ संपल्यावर तिनं त्याला गल्लीत गाठलं. त्यानं आधी ओळखच दाखवली नाही. मग इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाला, "अक्का, इथं नका येत जाऊ."

"मग कुठं येऊ? घरी तुम्ही नसता."

"मी बरा झालोय. खेळताना पाहिलंत ना?"

"खोकताना पाहिलं."

मग बोलू लागला तो एकदम मोकळेपणानं. "दवाखाना नऊ ते बारा. आमचं दुकान नऊला उघडतं. एक दिवस उशीर झाला तर मालक विचारतो, कुठं होतास. तीन महिने खोटं बोललो. सासू आजारी, भावाचं लग्न, सगळं सांगून झालं. आता कोणाला मारू? आणि त्या गोळ्यांनी पोटात असं ढवळतं, की दुपारी कात्री धरवत नाही. इथं साडेपाचला आलो, की माणसात आल्यासारखं वाटतं. तेवढं एक राहू द्या."

दुसऱ्या दिवशी अलकानं मोठे डॉक्टर उपेंद्र राव यांना विचारलं, आठवड्यातून दोन दिवस तरी दवाखाना संध्याकाळी उघडता येईल का. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, त्यांनीही दोन वर्षांपूर्वी तसं लिहून पाठवलं होतं. उत्तर यायचं आहे.

"तोवर?"

"तोवर पोस्टकार्ड टाका."

तिच्या डोक्यात मात्र मैदान घोळत होतं. क्लबचे चिटणीस विश्वासराव साडेपाचला शिट्टी वाजवत. शिट्टीनंतर आलेल्याला त्या दिवशी खेळायला मिळत नसे, मग तो कोणी का असेना. त्यामुळं बावीसच्या बावीस जण पाच-वीसलाच हजर असत. दवाखान्याला सगळा जोर लावून जे जमलं नव्हतं, ते या माणसानं एका शिट्टीवर जमवलं होतं. गोळ्या तिथंच ठेवल्या तर? शिट्टीच्या आधी घ्यायच्या आणि मग खेळायला लागायचं. तिला ही कल्पना इतकी सोपी वाटली, की तिनं पुढचा विचारच केला नाही. ही चूक तिची.

विश्वासरावांचं सायकलींचं दुकान होतं. साठीचे, रुंद खांद्यांचे. हाताला कायम वंगण. अलकाला त्यांनी स्टूल दिलं, कॉफी मागवली. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलं. त्यांची मराठी ऐकताना अलकाला मध्येमध्ये थांबून अर्थ लावावा लागे, आणि तिची ऐकताना त्यांनाही.

"तुमच्या क्लबाच्या नावात आरोग्य आहे," तिनं सुरुवात केली. "म्हणून आले."

"वडिलांनी घातलं ते. पोरं ताडी-गुत्त्याला जाऊ नयेत म्हणून क्लब काढला."

"आमच्याकडं काही रोगी आहेत. रोज गोळी घेतली तर बरे होतात. पण एकटा माणूस दीड वर्ष रोज गोळी घेत नाही, कंटाळतो. तुमच्यासारखं कोणी समोर उभं राहिलं तर घेईल."

"कसले रोगी?"

"छातीचे."

विश्वासरावांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. "क्षय?"

"हो."

"आमच्यातला कोण आहे?"

"मी कोणाबद्दल म्हणत नाही. सगळ्याच क्लबांनी..."

"सोमवारी तुम्ही मैदानावर उभ्या होता," ते शांतपणे म्हणाले. "खेळ सुटल्यावर गल्लीत मल्हारीशी बोलत होता."

इथं तिनं काहीतरी बोलायला हवं होतं. गणवेश शिवायचा होता, चंपाशी ओळख आहे, काहीही. पण तिला खोटं सुचलं नाही. ती नुसती गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्यात विश्वासरावांना हवं ते मिळालं.

"सरी," ठीक आहे अशा अर्थानं ते म्हणाले आणि चाकाची तार आवळू लागले. "तुम्ही जा आता."

तीन दिवसांनी क्लबच्या फळ्यावरून मल्हाररावचं नाव पुसलं गेलं. खंडोजी नावाचा एक दांडगा खेळाडू, वर्षानुवर्षं मल्हाररावच्या शेजारी खेळलेला, त्याची रॅकेट कागदात गुंडाळून घरी आणून देऊन गेला. दारातच ठेवली, आत आला नाही. हे अलकाला चंपाकडून कळलं. या वेळी चंपानं दार सताड उघडलं होतं.

"या ना, आत या," ती म्हणाली. "आता कोणी येत नाही, तुम्ही तरी या. नळावर माझी घागर बाजूला सारतात. समोरची पोरांना हाक मारून घरात घेते मी दिसले की. तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला एवढं कळलं नाही?"

आत मल्हारराव भिंतीकडं तोंड करून बसला होता. वळलाही नाही. "एक गोष्ट ठेवा म्हटलं होतं," तो म्हणाला, "तीच नेलीत. आता गोळ्या तुम्हीच खा."

अलका घरी आली ती रडायच्याही पलीकडं गेलेली. मधुकरनं जेवताना सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू मुद्दाम केलंस का? नाही ना? मग सोडून दे. तुझं काम भेट द्यायचं, ते तू केलंस." त्याला समजूत घालायची होती. अलकाला मात्र वाटलं, पोस्टकार्डापेक्षा हे वेगळं काही नाही. ती ताटावरून उठली.

सकाळी तिनं डॉक्टरांना जाऊन जे झालं ते सांगितलं. डॉक्टर उपेंद्र राव कधी आवाज चढवत नसत. तेव्हाही चढवला नाही. "सिस्टर, आपल्या धंद्यात औषधाआधी तोंड बंद ठेवणं येतं," एवढंच म्हणाले, आणि ते तिला बोलणी बसण्यापेक्षा जास्त लागलं.

"तुम्ही एक कागद द्या," ती म्हणाली. "त्याच्यापासून इतरांना धोका नाही, असा. मी क्लबात नेऊन दाखवते."

"थुंकी तपासल्याशिवाय कसा देऊ?"

मल्हारराव थुंकी द्यायला तयार होईना. तीन खेपा फुकट गेल्या. चौथ्या वेळी चंपानंच डबी मागून घेतली आणि म्हणाली, उद्या पहाटेच्या खोकल्याची देते, त्यांना विचारायची गरज नाही. अलकानं डबी परत आणून हातात दिली, तेव्हा प्रयोगशाळेतल्या माणसानं दुपारपर्यंत थांबायला सांगितलं. ती थांबली. उत्तर आलं: जंतू आहेत. भरपूर आहेत.

म्हणजे क्लबनं भिऊन केलं ते अगदीच बिनबुडाचं नव्हतं. हे कबूल करणं अलकाला फार जड गेलं. कागद मिळणार नव्हता. उपचार घेतल्याशिवाय तो बरा होणार नव्हता, आणि तिच्यामुळंच आता तो उपचार घेणार नव्हता. दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभं राहून तिला वाटलं, सरळ राजीनामा द्यावा आणि कुठल्या तरी शाळेत पोरांच्या उंच्या मोजत बसावं.

त्याऐवजी ती पुन्हा सायकलच्या दुकानात गेली. विश्वासरावांनी या वेळी स्टूल दिलं नाही. ती उभ्यानंच बोलली.

"कागद आणायचा होता, मिळाला नाही. मल्हारराव अजून आजारी आहेत."

"म्हणजे मी केलं ते बरोबर."

"अर्धं बरोबर. खेळू देऊ नका, मीही तेच म्हणते. पण हाकलून काय मिळालं? आता ते बारा बाय दहाच्या खोलीत बायकोजवळ खोकतात आणि दुकानात दहा जणांत बसून खोकतात. तुमचं मैदान तरी मोकळं आहे, वारा आहे. आणि आजार असताना इतके महिने ते तुमच्यातच होते. आजार बाहेरून मी आणतेय असं तुम्हाला वाटतंय. तो आधीच आत असेल तर?"

"तुम्ही आलात तेव्हापासून क्लबाचं वाटोळं झालंय, ते ठाऊक आहे का?" विश्वासराव म्हणाले. आवाजात राग होता, पण त्याखाली थकवाही होता. "बावीसचे नऊ राहिलेत. कोणी खाकरलं की बाकीचे बघतात. पाण्याच्या मडक्याला कोणी हात लावत नाही. काल तर मी शिंकलो, तर दोघं घरी गेले. वडिलांनी काढलेला क्लब माझ्या हातानं बंद पडणार."

रस्त्यावरून एक बस गेली, धूळ उडाली. विश्वासरावांनी चाक फिरवून पाहिलं.

"किती लांब बसवायचा?" त्यांनी अचानक विचारलं.

"कोणाला?"

"मल्हारीला. किती हात लांब बसला तर चालेल? वारा संध्याकाळी पश्चिमेकडून येतो. पूर्वेच्या कुंपणाशी खुर्ची टाकली तर वारा त्याच्याकडून बाहेर जाईल. गुण मोजायला मला माणूस पाहिजेच. आत्ता मोजतो त्याला वीसच्या पुढं आकडे सुचत नाहीत."

"दहा हात पुष्कळ झाले. आणि गोळ्या?"

"गोळ्या शिट्टीच्या आधी. माझ्यासमोर. पण त्याला माझी एक अट आहे. आमच्या सगळ्यांचे छातीचे फोटो काढा. कोण बरा, कोण नाही, एकदाचं कळू दे. त्याशिवाय गेलेले परत येणार नाहीत."

ही अट ऐकून अलका हरखली होती. हरखणं दोन दिवस टिकलं. एक्स-रे सकाळीच निघत, नऊ ते बारा, आणि क्लबातले सगळे नऊला कामाला लागलेले. तिनं रविवार मागितला. त्यासाठी यंत्र चालवणाऱ्याच्या सुटीच्या बदल्याची मंजुरी लागत होती, मंजुरीला अर्ज, अर्जाला वरची शिफारस, शिफारशीला खुलासा. सप्टेंबर गेला. ऑक्टोबर गेला. खुलासा पाठवला, तर त्याचाच खुलासा मागवला गेला: खेळाच्या क्लबाचा आणि क्षयरोगाचा संबंध काय? अलकानं तीन पानं लिहिली. डॉक्टरांनी त्यातली दोन फाडली आणि एकावर सही केली.

इकडं मल्हारराव खुर्चीवर बसायला तयार नव्हता. "मला नुमाईशीत मांडणार?" तो चंपाला म्हणाला. अलकाशी तर तो बोलतच नव्हता. शेवटी विश्वासराव स्वतः त्याच्या घरी गेले. तिथं काय बोलणं झालं ते अलकाला कधी कळलं नाही. चंपानं इतकंच सांगितलं, की विश्वासराव आत आले, खाली सतरंजीवर बसले, आणि तिनं दिलेलं पाणी त्यांनी पेल्याला तोंड लावून प्यायलं. नळावरच्या बायकांनी ते उघड्या दारातून पाहिलं.

दहा दिवसांनी मल्हारराव मैदानावर आला. खुर्चीवर बसला नाही, कुंपणाला टेकून उभा राहिला. विश्वासरावांनी बाटलीतून गोळ्या काढल्या, त्याच्या हातावर ठेवल्या, आणि तो गिळेपर्यंत शिट्टी तोंडात धरून ठेवली. मल्हाररावनं तोंड वेडंवाकडं करून पाणी प्यायलं. मग शिट्टी वाजली. त्यानं गुण मोजायला सुरुवात केली ती इतक्या रागीट आवाजात, की खेळणारे पहिल्या फेरीत चुकतच राहिले. अलका गल्लीच्या तोंडाशी उभी होती. त्यानं तिला पाहिलं आणि मान फिरवली. तेवढं तिला सोसायलाच हवं होतं.

रविवार मिळाला तो नोव्हेंबरच्या शेवटी. बावीसांपैकी तेराच जण एक्स-रेला आले. तेराच्या तेरा छात्या स्वच्छ निघाल्या. डॉक्टरांनी फिल्मा उजेडाला धरून एकेक पाहिली आणि म्हणाले, "छान."

"छान काय?" अलका म्हणाली. "ज्यांना भीती नव्हती तेच आले. ज्यांचं पाहायचं होतं ते घरी बसले." खंडोजी आला नव्हता. महिनाभर त्याचा खोकला तिनं गल्लीतून ऐकला होता. त्याला विचारलं तर म्हणायचा, बिडीचा आहे.

तरी क्लब हळूहळू भरू लागला. जानेवारीत सतरा जण झाले. पोंगलच्या सुटीत चार दिवस मैदान बंद राहिलं आणि मल्हाररावनं चार दिवस गोळ्या घेतल्या नाहीत. अलकानं विश्वासरावांना सांगितलं, विश्वासरावांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं, तो रुसून आणखी दोन दिवस आला नाही. सहा दिवस गेले. त्यानंतर सुटीच्या दिवसांची जबाबदारी चंपानं घेतली. फेब्रुवारीत थुंकी तपासली, जंतू दिसले नाहीत. मार्चमध्ये पुन्हा दिसले नाहीत. अलकानं तो कागद मल्हाररावच्या हातात दिला. त्यानं तो दोनदा वाचला, घडी केली आणि विचारलं, "आता खेळू?"

"अजून दोन महिने थांबा. पण गोळ्या सोडायच्या नाहीत."

"ते ठाऊक आहे," तो म्हणाला. सात महिन्यांत तो तिच्याशी बोलला तो हा पहिल्यांदाच.

आणि एप्रिलमध्ये वरून पत्र आलं. अलकानं उत्साहाच्या भरात आपल्या अहवालात क्लबाचा उल्लेख केला होता. इतरही ठिकाणी असं करता येईल, असं सुचवलं होतं. उत्तर चार ओळींचं होतं. दवाखान्याबाहेर, खाजगी व्यक्तीच्या ताब्यात औषधं ठेवणं नियमाला धरून नाही. ती ताबडतोब परत घ्यावीत.

डॉक्टरांनी पत्र तिच्यापुढं सरकवलं. "मी काही दिवस हे पाहिलंच नाही असं करू शकतो. फार दिवस नाही."

ती विश्वासरावांकडं गेली. पत्र काय आहे ते तिनं सांगितलं. बाटली परत द्यावी लागेल, म्हणाली. विश्वासराव त्या वेळी क्लबच्या खोलीत जाळीची गाठ बांधत होते. त्यांनी शांतपणे गाठ पुरी केली.

"कोणी लिहिलंय?"

"वरच्या कचेरीनं."

"त्यांना सांगा, बाटली क्लबच्या कपाटात आहे. किल्ली माझ्याकडं आहे. पाहिजे तर साडेपाचला येऊन मागावी. शिट्टीच्या आधी."

"असं कसं सांगू? माझी नोकरी जाईल."

"मग नका सांगू. तुम्ही मागितली, मी दिली नाही, असं लिहा. म्हातारा हट्टी आहे असं लिहा. खोटं होणार नाही." ते उठले. "तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मी तुम्हाला हाकलणारच होतो. आता गोळी घेतल्याशिवाय मल्हारीला बरं वाटत नाही आणि त्याला घेताना पाहिल्याशिवाय मला. हे कोणाला बंद करू द्यायचं नाही."

अलकानं तसंच लिहिलं. औषधं परत मागितली, संबंधित व्यक्तीनं देण्यास नकार दिला. त्या पत्राला उत्तर आलं नाही. दर महिन्याला ती नव्या गोळ्या मल्हाररावच्या नावानं दवाखान्यातून काढायची आणि चंपा सही करून न्यायची. कार्डावर 'घरी दिल्या' असं लिहिलं जायचं. सहीपर्यंत सगळं नियमाला धरून होतं. त्यापुढं त्या गोळ्या कुठं जातात हे दवाखान्यात कोणी विचारत नव्हतं, आणि अलका सांगत नव्हती. कधीकधी तिला राग यायचा, की बरं काम करायला इतकं लपावं लागावं. मग ती पुढच्या घरी जायची.

जूनमध्ये मल्हारराव पुन्हा रेघेवर उभा राहिला. पहिल्यासारखा मात्र राहिला नव्हता. मागच्या मागं वाकताना त्याची कंबर अडायची, चेंडू दोन बोटांनी सुटायचा. पहिल्या पाचांत त्याला जागा मिळाली नाही. दुसऱ्या संघात तो तोंड पाडून खेळायचा आणि चुकलेल्या प्रत्येक चेंडूला चुन्याच्या रेघेला दोष द्यायचा. चंपाची घागर नळावर आता कोणी बाजूला सारत नव्हतं. पण समोरची बाई अजून तिच्याशी बोलत नव्हती, आणि पुढंही बोलली नाही.

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी खेळ सुरू व्हायच्या आधी अलका कुंपणापाशी विश्वासरावांशी बोलत उभी होती. खंडोजी तिच्यामागं येऊन थांबला. तो दांडगा माणूस एवढा उतरला होता, की सदरा खांद्यावरून घसरत होता.

"त्या गोळ्यांनी," तो हळू आवाजात म्हणाला, "पोट फार बिघडतं का?"

वर्षभर तिला या माणसावर ओरडायचं होतं. त्यानं दारात टाकलेल्या रॅकेटबद्दल, बिडीबद्दल, न आलेल्या त्या रविवारबद्दल. आणि त्यानं वाया घालवलेल्या महिन्यांबद्दल, जे आता तिला त्याच्या गालफडांवर दिसत होते. शब्द तोंडाशी आलेही होते.

"पहिला महिना बिघडतं," तिनं सांगितलं. "मल्हाररावांना विचारा. पण आधी तपासायला हवं. उद्या सकाळी दवाखान्यात या."

"सकाळी नाही जमणार. कामावरून काढतील."

अलकानं पिशवीतून डबी काढली. "मग आत्ता. त्या भिंतीकडं तोंड करा. घशातलं नको, खोलातून खोकून काढा."

"इथं? सगळ्यांसमोर?"

मैदानावर सतरा माणसं उभी होती. विश्वासरावांनी त्यांच्याकडं वळून सांगितलं, "सगळे पलीकडं तोंड करा." एकेक करून सगळे वळले. मल्हारराव सर्वांत शेवटी वळला. खंडोजीनं डबी घेतली आणि तो भिंतीकडं गेला.